कोपराचं माप

वाकडमधला एक फ्लॅट, सकाळचे साडेनऊ. नाश्त्याच्या बशा उचलल्या गेल्या आणि त्याच डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडला. हिंजवडीला जायचं नसतं त्या दिवशी पुण्यातल्या कितीतरी घरांत हेच ऑफिस असतं.

जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. आता खुर्चीत पाठ टेकून, हात सैल सोडून बसायचं, कोपर काटकोनात वाकवायचं आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावायचा. सव्वापाच फुटांच्या माणसाचं माप ६४-६५च्या आसपास येतं. म्हणजे टेबल चांगलं १० सेंटिमीटर जास्त उंच. ही तफावत आधी खांदे भरून काढतात. ते दमले की मनगट टेबलाच्या धारेवर विसावतं, आणि तिथून पंजा वर उचलून टायपिंग सुरू होतं.

मनगटात हाडं आणि एक जाड अस्थिबंध यांच्यामधून अरुंद बोगदा जातो. त्यात बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) असतात आणि त्यांना खेटून मीडियन नर्व्ह ही नस. पंजा मागे किंवा पुढे वाकला की आतला दाब वाढतो. या नसेच्या मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागात येतात. करंगळी बधिर होत असेल तर बऱ्याचदा नस दुसरी असते, कोपराजवळून जाणारी. कोपर टेबलावर दाबून बसण्याची सवय आधी तपासा.

खुर्ची वर घ्या, कोपर टेबलाच्या पातळीला येईपर्यंत. पाय लोंबकळले तर खाली तेवढाच उंच चौरंग किंवा लाकडी ठोकळा ठेवा. उशी नको, ती तासाभरात दबते.

खुर्ची वर होत नसेल तर सुताराकडून टेबलाखाली सरकता ट्रे बसवून घ्या: टेलिस्कोपिक चॅनल (ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्ट्या), १८ मिलिमीटरचा प्लाय. नेहमीची चूक रुंदीत होते. ट्रे फक्त कीबोर्डपुरता होतो, माउस वर टेबलावरच राहतो आणि उजवा खांदा दिवसभर लांब ताणलेला. नंबर पॅडसह कीबोर्ड ४५ सेंटिमीटरचा धरा, माउसला आणखी २५, ७० हवेतच. मांड्या ट्रेखाली मोकळ्या राहतात ना, हे खुर्चीत बसूनच ठरवा.

लॅपटॉपला वेगळा कीबोर्ड आणि माउस लागतोच. तो घेतला की लॅपटॉप उचलून ठेवा: स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर. प्रोग्रेसिव्ह चष्मा (लांबचा आणि जवळचा नंबर एकाच काचेत) असेल तर थोडी खाली, नाहीतर मान मागे मोडते.

कीबोर्डच्या मागचे पाय उघडू नका. त्यांनी मनगट आणखी मागे वाकतं. समोरची जेलची पट्टी टायपिंग थांबल्यावर तळव्याची टाच टेकवायला आहे, टाइप करताना मनगट दाबायला नाही. माउस कोपरातून हलवा.

मांडणी कितीही नेमकी असली तरी दर अर्ध्या तासाने हात खाली सोडून उठायला हवंच.

रात्री झोपेतून मुंग्यांनी जाग येत असेल, हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट झोपताना वापरतात. मधुमेह किंवा थायरॉइड असेल, किंवा गरोदरपण असेल, तर हा त्रास लवकर होतो. कप हातातून निसटू लागला, अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा बसल्यासारखा दिसला, तर टेबल-खुर्ची हलवत बसू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा आणि ते सांगतील तर नर्व्ह कंडक्शन तपासणी (नसेतून संदेश किती वेगाने जातो ते मोजणारी) करून घ्या.