मिनिटभराची आकडी

(पडद्यावर: उजव्या पावलाचा क्लोजअप)

या पावलाकडे लक्ष असू द्या. घोट्याच्या वर रक्तदाबाचा पट्टा बांधलाय, तो रक्तदाब मोजायला नाही. थोड्या वेळाने या बाईंच्या अंगातले स्नायू औषधाने सैल पडणार आहेत. हे एक पाऊल तेवढं त्यातून मुद्दाम वगळायचंय.

बाई सकाळपासून उपाशीपोटी आहेत. भूल द्यायची तर पोट रिकामं लागतं. पण आजच्या आधीही त्यांचं खाणंपिणं जवळजवळ थांबलेलंच होतं. बोलणं बंद. हात उचलून सोडला, तर तो तसाच हवेत राहायचा. याला कॅटाटोनिया म्हणतात. लोराझेपाम हे शांत करणारं औषध देऊन झालं, उतार पडला नाही. म्हणून आज ईसीटी, म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी: विजेने आकडी आणून करायचा उपचार. लोकांच्या तोंडी, शॉक.

(पडद्यावर: जुनी कृष्णधवल छायाचित्रं)

शॉक म्हटलं की आपल्याला हे असलं काहीतरी आठवतं. चौघांनी हातपाय दाबून धरलेत, पेशंट पूर्ण जागा.

पण या गोष्टीची सुरुवात विजेपासून होत नाही. १९३४ साली बुडापेस्टमध्ये लाडिस्लास मेडुना या डॉक्टरने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला कापराचं इंजेक्शन दिलं, ते आकडी यावी म्हणून. ज्याला फेफरं येतं त्याला स्किझोफ्रेनिया होत नाही, असा त्याचा कयास होता. कयास चुकीचा निघाला. काही रुग्ण मात्र खरोखरच सुधारले. पुढे कापराची जागा कार्डियाझॉल या आकडी आणणाऱ्या औषधाने घेतली. ते टोचल्यापासून आकडी येईपर्यंतच्या क्षणांत रुग्णाचा भीतीने थरकाप उडे. एकदा अनुभव घेतलेला माणूस पुन्हा सुई टोचून घ्यायला राजी होत नसे.

मग रोम. तिथला डॉक्टर उगो चेर्लेत्ती विजेने आकडी आणता येईल का, हे कुत्र्यांवर तपासत होता. शहराच्या कत्तलखान्यात डुकरांना वीज लावतात, असं त्याच्या कानावर आलं. जाऊन पाहतो, तर विजेने डुकरं मरत नव्हती. डोक्याला चिमटे लावले की आकडी येऊन बेशुद्ध पडत, आणि त्या वेळात कसाई सुरी चालवी. सुरी चालवली नाही, तर डुक्कर काही मिनिटांत उठून चालू लागे. चेर्लेत्तीच्या सहकाऱ्याने, लुचो बिनीने, माणसासाठी यंत्र तयार केलं. एप्रिल १९३८ मध्ये पहिला रुग्ण आला: रेल्वे स्टेशनवर भरकटताना सापडलेला, असंबद्ध बडबडणारा एक माणूस. पहिला झटका कमी पडला. पुन्हा देऊ नका, असं त्याने बजावलं, हे चेर्लेत्तीनेच लिहून ठेवलंय. तरी वीज वाढवून पुन्हा झटका दिला गेला. संमती वगैरे विचारण्याचा तो काळ नव्हता.

त्या वेळी भूल देत नसत. आकडीच्या जोराने मणके मोडत, दात तुटत. १९४० च्या सुमारास स्नायू सैल करायला क्युरारे वापरून पाहिलं गेलं, आणि १९५० च्या दशकात त्याच कामाचं सक्सिनिलकोलीन आलं. उपचार सुधारला, पण सिनेमावाल्यांना जुना शॉकच जास्त सोयीचा वाटला. अर्थात सगळी बदनामी फुकटची नव्हती. काही इस्पितळांत शॉक शिक्षेसारखा वापरला गेला, हेही खरं.

(पडद्यावर: उपचाराची खोली)

चला परत खोलीत.

भूलतज्ज्ञांनी सलाईनच्या नळीतून भूल दिली. झोप लागली. आता घोट्यावरचा पट्टा फुगवला, त्या पावलाचा रक्तपुरवठा थांबला, आणि मगच सक्सिनिलकोलीन सोडलं. गालाकडे बघा, मग पोटरीकडे. कातडीखाली बारीक थरथर उठतेय. ती विरली की स्नायू सैल झाले. श्वासही आता स्वतःचा नाही, मास्कमधून ऑक्सिजन दिला जातोय.

दातांमध्ये रबरी ठोकळा बसवला. स्नायू सैल असताना तो कशाला? कारण कानशिलाजवळून जाणारी वीज जबड्याच्या स्नायूंना थेट आवळते. तिथे औषधाचा इलाज चालत नाही.

इलेक्ट्रोड लागले. बटण दाबलं.

(पडद्यावर: पाऊल. काही क्षण निवेदन नाही)

हलतंय ते एवढंच, आणि आकडी आलीय हे त्यावरूनच दिसतंय. बाकी शरीर शांत. वीज केव्हाच थांबली, ती काही सेकंदांपुरतीच होती, तीही मिलिसेकंदभराच्या तुटक लहरींत. आता चाललीय ती मेंदूची स्वतःची आकडी, आणि उपचार हीच आहे. वीज फक्त तिला सुरू करून देते. कागदाच्या पट्टीवर मेंदूचा आलेख उतरतोय: आधी दाट टोकदार रेघा, मग मोठ्या संथ लाटा, आणि एकदम सपाट. असं सपाट झालं की डॉक्टर खूश, कारण आकडी नीट येऊन गेली. वीस सेकंदांपासून मिनिटभरापर्यंतचा सगळा खेळ. त्यातून आजार नेमका कसा उतरतो, याचं पक्कं उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. पण कॅटाटोनियात आणि अगदी खोल नैराश्यात, जिथे रुग्ण अन्नपाणी सोडतो किंवा स्वतःच्याच जिवावर उठतो, तिथे याच्याइतका गुण देणारे उपाय फार थोडे आहेत.

(पडद्यावर: बाई डोळे उघडतात)

जाग आल्यावर थोडा वेळ गोंधळ, डोकेदुखी, अंगदुखी. उपचाराच्या आसपासच्या आठवड्यांतल्या आठवणी पुसट होतात, काहींच्या कायमच्या जातात, आणि त्याचं दुःख मोठं असू शकतं. डोक्याच्या एकाच बाजूला इलेक्ट्रोड लावले, तर हा त्रास कमी होतो. जिवाचा धोका साधारण एक लाख ईसीटींमागे दोन मृत्यू, इतका.

आठवड्यातून दोन-तीन वेळा, असे सहा ते बारा ईसीटी म्हणजे एक कोर्स. या बाईंचा कोर्स अजून चालू आहे. पुढे गोळ्या सोडल्या तर आजार सहा महिन्यांच्या आत उलटण्याची शक्यता बरीच असते. म्हणून कुणाला नॉर्ट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या गोळीच्या जोडीला मूड स्थिर ठेवणारं लिथियम देतात, कुणाला दर काही आठवड्यांनी पुन्हा एक ईसीटी.