चुरोस तळताना फुटू नयेत म्हणून

२००४ साली चिलीतल्या एका वर्तमानपत्राने चुरोसची, म्हणजे मैद्याच्या उकडीच्या तळलेल्या लांब कांड्यांची, रेसिपी छापली. वाचकांनी करून बघितली, तर कढईत चुरोस फुटले आणि उकळतं तेल अंगावर उडालं. प्रकरण कोर्टात गेलं. २०११ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भाजलेल्या १३ जणांना भरपाई द्यायला लावली. रेसिपीत तेल २५० अंशांपर्यंत तापवायला सांगितलं होतं!

म्हणून आज कृतीपेक्षा तळण्यावर जास्त बोलू. कृती सोपीच आहे. स्पेनच्या साध्या चुरोसमध्ये अंडं नाही, लोणी नाही. २५० ग्रॅम मैदा, अर्धा चमचा मीठ, २५० मिली पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की ते मैद्यावर एकदम ओता आणि लाकडी चमच्याने जोर लावून घोटा. मोदकाची उकड जमत असेल तर हेही जमेल. झाकून दहा मिनिटं ठेवा.

आता सोऱ्या काढा. हो, चकलीचाच, चांदणीची चकती लावून. चुरोस जरा बारीक होतील, होऊ देत. पायपिंग बॅग नको, एवढ्या घट्ट पिठाने ती फाटते.

ती चांदणी निव्वळ शोभेची नाही बरं का. गुळगुळीत गोल नळी तळली तर बाहेरचा पापुद्रा आधी कडक होतो, आत वाफ कोंडते आणि नळी फुटते. कंगोरे असले की उष्णता आतपर्यंत सारखी पोचते. पीठ भरतानाही दाबून भरा, मध्ये हवा राहू देऊ नका.

तेल १८० ते १९० अंश. थर्मामीटर नसेल तर पिठाचा छोटा तुकडा टाका. तो लगेच वर आला पाहिजे, पण धूर दिसला की गॅस बंद. एका वेळी चार-पाचच टाका, सोनेरी झाले की काढा.

वरून नुसती साखर. दालचिनी मेक्सिकोकडची, छान लागते, पण माद्रिदची नव्हे. तिथे, म्हणजे १८९४ पासून चालू असलेल्या सान हिनेससारख्या चुरोसच्या दुकानात, सोबत दाट चॉकलेट देतात. घरी अर्धा लिटर दुधात १५० ग्रॅम डार्क चॉकलेट वितळवा, चमचाभर कॉर्नफ्लोअर थंड दुधात कालवून घाला आणि चमच्याला चिकटेपर्यंत ढवळा. हे आधी करून ठेवा, कारण चुरोस गार झाले की चिवट होतात.