रक्तगट जुळला, पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

दवाखान्याच्या व्हरांड्यात धाकटा भाऊ डॉक्टरांना सांगतो, “मना अन् त्याना रक्तगट एकच शे, मनी किडनी ली ल्या.” त्याची माया खरी, पण नुसत्या रक्तगटावर भागत नाही. आपल्या बहुतेक पेशींवर एचएलए नावाची प्रथिनं असतात. आपलं कोण नि परकं कोण, हे शरीर त्यांवरून ओळखतं. फ्रान्सच्या ज्याँ दोसे यांनी १९५८ साली यातलं पहिलं प्रथिन शोधलं. १९८० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

या प्रथिनांच्या जनुकांचा एक संच आईकडून येतो, एक वडिलांकडून. म्हणून आईबाप लेकराशी निम्मे जुळतात आणि सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. किडनीत थोडी तफावत औषधांनी सांभाळता येते. अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार करणाऱ्या बोन मॅरोचं, तसं नाही. तिथे जुळणी जितकी चोख, तितका धोका कमी.

हे मी खानदेशात का सांगतोय? अक्कलकुवा, धडगावकडे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची लेकरं आहेत. जुळणाऱ्या भावंडाची अस्थिमज्जा मिळाली, तर हा आजार मुळापासून बरा होऊ शकतो. भावंड जुळलं नाही, तर अनोळखी दाता शोधायचा. एचएलएचे प्रकार हजारोंनी आहेत आणि त्यातले कोणते एकत्र सापडतील, हे पिढ्यान् पिढ्यांच्या सोयरिकीवर ठरतं. आपल्याकडे पावरा, भिल्ल, तडवी, गुजर, लेवा पाटील, सगळ्यांच्या सोयरिकी बहुतेक आपापल्यातच झाल्या. जगभरच्या दात्यांच्या याद्यांत मात्र भरणा युरोपीय वंशाच्या लोकांचा. पावरा लेकराला जुळणारा माणूस तिथे सापडणं अवघड; तो सातपुड्यातच असण्याची शक्यता जास्त, पण त्याचं नाव कुठल्या यादीतच नसतं. मला ही गोष्ट फार सलते.

नाव नोंदवायला अठरा वर्षं पूर्ण हवीत, तब्येत ठणठणीत हवी. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवतात, बस्स. पुढे जुळणी झालीच, तर आधी काही दिवस इंजेक्शनं देतात आणि बहुतेक वेळा हातातूनच रक्त घेऊन, त्यातल्या रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी वेगळ्या काढून, बाकीचं रक्त परत सोडतात. मणक्याला कोणी हात लावत नाही.

एक मात्र कळकळीनं सांगतो. घरच्यांशी बोलून, ठाम होऊनच नाव द्या. प्रत्यारोपणाआधी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी संपवलेली असते. त्यानंतर दात्यानं नकार दिला, तर त्या लेकराचा जीव धोक्यात येतो.