वासा: जहाजाच्या पाठीवरचा राजाचा बॅनर

ही समोर दिसतेय ना, ती जहाजाची मागची बाजू आहे. स्टॉकहोमच्या म्युझियममधली वासा, स्वीडनच्या राजाची जुनी युद्धनौका. पूर्ण जहाजावर मिळून साधारण 700 कोरीव तुकडे, आणि त्यातली वजनदार मंडळी इथे मागेच बसवलीयत.

सगळ्यात वर बघा. लांब केसांचा मुलगा आणि दोन्हीकडून दोन ग्रिफिन, म्हणजे गरुडाचं डोकं नि सिंहाचं धड, त्याच्या डोक्यावर मुकुट धरतायत. हा मुलगा म्हणजे स्वतः राजा, गुस्ताव अडॉल्फ. स्वीडनच्या गादीवर पोलंडचा राजा सिगिसमुंडही हक्क सांगत होता, आणि तो होता याचाच चुलतभाऊ, त्यामुळे ही नुसती सजावट नाहीच, गादी कुणाची ते सांगणारा बॅनर आहे सरळसरळ. खाली स्वीडनचं राजचिन्ह, मग राजाच्या वासा घराण्याची खूण असलेली धान्याची पेंढी, बाजूला ग्रीक पुराणातला वीर हर्क्युलिस, तोही दोनदा, एकदा तरुण एकदा म्हातारा, आणि म्हाताऱ्याच्या पायाशी साखळीला बांधलेला नरकाचा कुत्रा.

ओक, पाइन आणि लिंडनच्या लाकडात हे कोरणाऱ्यांचा मुख्य होता मोर्टेन रेडमर.

10 ऑगस्ट 1628 ला जहाज निघालं, जेमतेम 1300 मीटर गेलं, वाऱ्याचा झोत आला, कललं, तोफांच्या खिडक्यांतून पाणी शिरलं आणि बुडालं. बरेच जण म्हणतात एवढं नक्षीकाम लादलं म्हणून बुडालं. मला नाही पटत. मुळात जहाजाचा वरचा सांगाडाच जड होता.

गंमत पुढे आहे. मूर्ती ठोकलेल्या होत्या लोखंडी खिळ्यांनी, ते पाण्यात गंजून गेले आणि मूर्ती एकेक करून खाली चिखलात पडल्या. हे बरंच झालं म्हणा, कारण चिखलात गाडलेल्यांवर पटाशीच्या खुणा अजून दिसतात, जहाजावर राहिलेलं लाकूड मात्र प्रवाहानं झिजलं. शिवाय बाल्टिकचं पाणी कमी खारट, लाकूड पोखरणारा किडा तिथे टिकत नाही. 1961 मध्ये जहाज वर काढलं, त्यानंतरही पाणबुडे कित्येक वर्षं तळातून तुकडे वेचत होते.

आणि हा काळपट तपकिरी रंग खरा नाही हां. आधी वाटायचं मागे निळा रंग नि वर सोनेरी मूर्ती असतील, पण लाकडात अडकलेले रंगाचे कण तपासले तर निघालं लाल, आणि मूर्ती चक्क रंगीबेरंगी. म्युझियममधलं एक दशांश आकाराचं मॉडेल तसंच रंगवलंय. खरं सांगू, भयंकर भडक दिसतं, पण राजाला हवं होतं ते हेच.