एका कपाटात १२० किलोवॉट: लिक्विड कूलिंग आणि नाशिकचे कारखाने

[दृश्य: सातपूर एमआयडीसी. सकाळची पाळी. स्टेनलेसच्या पाइपांचे कापलेले तुकडे, आर्गनचे सिलिंडर.]

सातपूर-अंबडला स्टेनलेस स्टीलचं काम नवं नाही. औषध कंपन्या, डेअऱ्या आणि वायनरींचं काम करून इथल्या वेल्डरांचा हात बसलेला आहे. वाइनच्या टाकीला दुहेरी भिंत असते. तिच्यातून ग्लायकॉल मिसळलेलं थंड पाणी फिरतं आणि द्राक्षरस आंबताना निघणारी उष्णता बाहेर नेतं. त्यासाठी चिलर लागतो, पंप लागतो, प्लेट हीट एक्स्चेंजर लागतो आणि ग्लायकॉल लागतं. आज डेटा सेंटरच्या खरेदीच्या यादीतही हाच माल मोठ्या रकमांनी दिसू लागला आहे.

असं का झालं, ते चिपकडे पाहिलं की कळतं. सर्व्हरचं एक कपाट, म्हणजे रॅक, पूर्वी ५ ते १० किलोवॉट वीज घ्यायचं. एनव्हिडियाची एच१०० ही एआयची एकटी चिप ७०० वॉटपर्यंत जाते, तिच्या पुढची बी२०० एक हजार वॉटपर्यंत. जीबी२०० एनव्हीएल७२ या रॅकमध्ये अशा ७२ चिप असतात आणि त्या एका रॅकला १२० किलोवॉटच्या आसपास वीज लागते. ही वीज शेवटी उष्णतेच्याच रूपात बाहेर पडते.

[दृश्य: रॅकची मागची बाजू. शेजारी आकडे.]

यातली १०० किलोवॉट उष्णता हवेने काढायची ठरवली आणि हवा १० अंशांनी तापू दिली, तर तासाला सुमारे ३०,००० घनमीटर हवा फिरवावी लागते. नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंचावर आहे. इथली हवा किनाऱ्यापेक्षा सहाएक टक्क्यांनी विरळ, म्हणून तेवढी आणखी हवा लागणार. त्यात पंख्याचा वेग दुप्पट केला की त्याला आठपट वीज लागते. तेवढीच उष्णता पाण्याने काढायला मिनिटाला सुमारे १५० लिटर पाणी पुरतं, आणि एवढा प्रवाह दोन इंची पाइपातून आरामात जातो.

बाजार कुठे चालला आहे ते मोठ्या कंपन्यांच्या खरेदीवरून दिसतं. व्हर्टिव्हने २०२३ च्या अखेरीस कूलटेरा घेतली. श्नायडर इलेक्ट्रिकने २०२४ मध्ये मोटिव्हएअरमधल्या ७५ टक्के हिश्शासाठी ८५ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. ईटनने नोव्हेंबर २०२५ मध्ये बॉयडचा थर्मल व्यवसाय ९५० कोटी डॉलरना घेण्याचं ठरवलं. हा सगळा पैसा पंप, नळ्या, कोल्ड प्लेट आणि ते नीट जोडू शकणाऱ्या माणसांवर लागला आहे. नाशिकने याकडे लक्ष द्यावं ते त्यामुळेच. चिप इथे बनणार नाही, पण चिपपर्यंत पाणी नेणारी पाइपलाइन इथे नक्की बनू शकते.

[दृश्य: कोल्ड प्लेटचा आडवा छेद.]

ही पाइपलाइन कशी असते? चिपवर तांब्याची कोल्ड प्लेट घट्ट बसवलेली असते. तिच्या पोटात बारीक पाती असतात आणि दोन पात्यांमधली फट अनेकदा १०० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षा, कमी असते. त्या फटींतून द्रव वाहतो. बहुतेक ठिकाणी तो पीजी२५ असतो: २५ टक्के प्रॉपिलीन ग्लायकॉल, बाकी क्षारमुक्त पाणी आणि गंजरोधक रसायनं. रॅकच्या मागे उभे मॅनिफोल्ड, म्हणजे फाटे फुटणारे मुख्य पाइप असतात आणि प्रत्येक ट्रे, म्हणजे सर्व्हरचा खण, क्विक कनेक्टरने त्यांना जोडलेला असतो. एनव्हीएल७२ मध्ये १८ कम्प्यूट ट्रे आणि ९ स्विच ट्रे आहेत. ट्रेमागे एक येणारी आणि एक जाणारी जोडणी धरली, तरी एका रॅकमध्ये ५४ जोडण्या होतात. यातली एखादी अर्धवट बसली की गळती झालीच.

मॅनिफोल्डच्या पलीकडे सीडीयू (कूलंट डिस्ट्रिब्युशन युनिट), म्हणजे रॅकमध्ये द्रव फिरवणारा संच असतो. त्यात पंप, फिल्टर आणि प्लेट हीट एक्स्चेंजर असतात. एक्स्चेंजरच्या एका बाजूला रॅकचा स्वच्छ द्रव आणि दुसऱ्या बाजूला इमारतीचं पाणी वाहतं. दोघांमधून उष्णता जाते, पण पाणी एकमेकांत मिसळत नाही. हिशेब सोपा ठेवायचा तर एका किलोवॉटला मिनिटाला दीड लिटर, म्हणजे एक मेगावॉटच्या सीडीयूला दीड हजार लिटर.

[दृश्य: वेल्डिंगचा क्लोजअप. मग कापून उघडलेला सांधा.]

खरी परीक्षा स्वच्छतेची असते. स्टेनलेसचा पाइप बाहेरून आर्गन वेल्ड केला आणि आतून आर्गन सोडला नाही, तर सांध्याच्या आतल्या बाजूला काळी, साखरेसारखी खरबरीत खपली धरते. वाहत्या द्रवात तिचे कण सुटतात आणि शंभर मायक्रॉनच्या फटीत जाऊन अडकतात. प्रवाह कमी होतो, चिप तापते, स्वतःचा वेग उतरवते, आणि ग्राहकाला फक्त एवढंच दिसतं की मशीन मंद झालं. आटे असलेल्या जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळायची सवय इथेही नडते, कारण तिचे धागे सुटून त्याच फटींत जातात.

प्रेशर टेस्टनंतरही अशीच चूक होते. पाइपात साधं पाणी भरून टेस्ट घेतात, ती पास होते आणि ते पाणी तीन-चार आठवडे आतच राहतं. बोअरचं पाणी असेल तर त्यातले क्लोराइड स्टेनलेसला बारीक खड्डे पाडतात. त्याच साचलेल्या पाण्यात जिवाणूंचा थर धरतो. म्हणून टेस्ट कोरड्या नायट्रोजनवर घ्यावी. पाण्यावरच घ्यायची असेल तर क्षारमुक्त पाणी वापरावं आणि लगेच काढून पाइप सुकवावा. मग फ्लशिंग. रॅक जोडायच्या आधी मॅनिफोल्डच्या जागी तात्पुरत्या नळ्या लावून बायपास करायचा, नेहमीपेक्षा जास्त वेगाने द्रव फिरवायचा, आधी ५० मायक्रॉनचा आणि मग २५ मायक्रॉनचा फिल्टर लावायचा. फिल्टर उघडल्यावर स्वच्छ निघेपर्यंत थांबायचं नाही. प्रकल्पाला उशीर झाला की पहिली कात्री या कामाला लागते, आणि त्याचं नुकसान सर्वांत महाग पडतं.

धातूंच्या बाबतीत तडजोड नको. तांबं आणि स्टेनलेस चालतं. त्याच लूपमध्ये ॲल्युमिनियम आलं की ते तांब्यापायी झिजतं. जस्ताचा मुलामा दिलेला जीआय पाइप तर आणूच नये, कारण त्याचं जस्त गंजरोधकाशी रासायनिक क्रिया करून गाळ बनवतं. नळ्या आणि ओ-रिंग ईपीडीएम या रबराच्या असाव्यात.

ग्लायकॉलबद्दल वायनरीतल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. ज्या रिफ्रॅक्टोमीटरने द्राक्षाची ब्रिक्स, म्हणजे साखर, पाहतात, त्याच तत्त्वावर ग्लायकॉलचं प्रमाण मोजतात, फक्त मापपट्टी वेगळी. गळती झाली आणि कोणी वरून साधं पाणी भरलं, की प्रमाण घसरतं. पातळ झालेलं ग्लायकॉल जिवाणू मारत नाही, उलट त्यांचं खाद्य होतं. म्हणून भर घालायची ती तयार मिश्रणाचीच, आणि दर तीन महिन्यांनी नमुना काढून पीएच, गंजरोधक, जिवाणू आणि विरघळलेलं तांबं-लोखंड तपासणं चांगलं.

एक सवय मात्र वायनरीतच ठेवून यायची: जितकं थंड तितकं चांगलं. इथे द्रव ३० ते ४० अंशांवर आत जातो आणि तरी चिप सुरक्षित असते. ॲश्रे या संस्थेने पाण्याच्या तापमानाचे डब्ल्यू३२, डब्ल्यू४०, डब्ल्यू४५ असे वर्गच ठरवून दिले आहेत; आकडा म्हणजे पाण्याचं कमाल तापमान. पावसाळ्यात नाशिकच्या हवेचा दवबिंदू २० ते २२ अंशांच्या आसपास असतो. द्रव त्याहून थंड ठेवला तर होजवर आणि मॅनिफोल्डवर थेंब धरतात, आणि ते थेंब विजेच्या जोडणीवर पडतात. दवबिंदूच्या वर किमान दोन-तीन अंश राहायलाच हवं.

[दृश्य: गंगापूर धरण. मग छतावरचे ड्राय कूलर.]

आता पाण्याचा प्रश्न, जो नाशिकमध्ये टाळून चालत नाही. रॅकमधला लूप बंद असतो, त्यातलं पाणी उडत नाही. पाणी उडतं ते बाहेर, कूलिंग टॉवरवर. एक मेगावॉट उष्णता बाष्पीभवनाने काढायची तर दिवसाला सुमारे ३६,००० लिटर पाण्याची वाफ होते, वर क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावं लागणारं पाणी वेगळंच. गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक आणि मराठवाड्यात आधीच ताण आहे. त्यामुळे इथे ड्राय कूलर, म्हणजे पाणी न उडवता पंख्याच्या हवेने थंड करणारं यंत्र, हाच योग्य मार्ग वाटतो. द्रव कोमट चालत असल्याने वर्षातला बराचसा काळ नुसत्या हवेवर भागतं. एप्रिल-मेच्या ४० अंशांच्या दुपारी मात्र भागत नाही. ड्राय कूलर हवेपेक्षा सहा-आठ अंश गरम पाणी देतो, सीडीयू त्यात तीन-चार अंशांची भर घालतो, आणि आकडा ५० च्या घरात जातो. तेवढ्या तासांपुरते ओले पॅड लावायचे. त्या दिवसांत हवा कोरडी असते, म्हणून पॅडमधून येणारी हवा दहा अंशांहूनही जास्त उतरू शकते.

सर्व्हर तेलासारख्या द्रवात बुडवण्याची पद्धतही आहे. पण द्रव उकळवून थंड करणाऱ्या प्रकाराला धक्का बसला आहे, कारण त्यातले प्रमुख द्रव बनवणाऱ्या थ्रीएमने २०२२ मध्येच २०२५ अखेरपर्यंत पीएफएएस या फ्लोरिनयुक्त रसायनांचं उत्पादन बंद करण्याचं जाहीर केलं.

जुन्या इमारतीत हे बसवताना आणखी तीन गोष्टी पाहायच्या. एनव्हीएल७२ चं वजन १.३६ टन असतं, जमीन ते पेलते का? १२० पैकी १५ ते २० किलोवॉट उष्णता तरीही हवेतच राहते, म्हणून एसी पूर्ण काढता येत नाही. आणि सीडीयूचे पंप यूपीएसवर आहेत का? वीज गेली आणि पंप थांबला, तर जनरेटर सुरू होईपर्यंत थांबायला वेळ नसतो. चिप काही सेकंदांत तापते.

[दृश्य: गेटवर भरलेला ट्रक. दोन्ही टोकांना झाकण लावलेले पाइप.]

नाशिकमध्ये डेटा सेंटर आहेच, ईएसडीएसचं सातपूरला. देशातली सर्वांत मोठी डेटा सेंटरची बाजारपेठ मुंबई-नवी मुंबईत आहे, आणि जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून ती आणखी जवळ आली आहे. तिथला खरेदीदार दराआधी कागद मागेल: पाइपाच्या प्रत्येक लॉटचं धातूचं प्रमाणपत्र, सांध्याचा क्रमांक आणि तो करणाऱ्या वेल्डरची नोंद, आतून काढलेले कॅमेऱ्याचे फोटो, पॅसिव्हेशनचा (स्टेनलेस गंजू नये म्हणून केलेल्या आम्लप्रक्रियेचा) आणि प्रेशर टेस्टचा अहवाल. औषध कंपन्यांची कामं करणाऱ्या शेडमध्ये या फायली आजही ठेवतात. बाकीच्यांनी आतून आर्गन सोडायची जोडणी घ्यावी, स्टेनलेससाठी लोखंडापासून वेगळी जागा आणि वेगळे ग्राइंडर ठेवावेत, आणि पाइपाच्या टोकांना झाकणं लावल्याशिवाय एकही तुकडा शेडबाहेर पाठवू नये.