गवतावर उतरणारी विमानं

मंडळी, आजचा विषय आहे 'विमानाला गवत का लागतं?' त्यावर येतोच. पण आधी पुष्पकबद्दल बोलू द्या, त्याच्यावाचून मी या विषयाकडे वळलोच नसतो.

पुष्पक म्हणजे रावणाचं नव्हे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचं. 1958 साली पहिल्यांदा उडालं. शेजारीशेजारी दोन आसनं, 90 अश्वशक्तीचं इंजिन आणि अंगावर पत्र्याऐवजी कापड! नळ्यांच्या सांगाड्यावर ताणून बसवलेलं, वरून डोपचे, म्हणजे कापड ताठ करणाऱ्या रोगणाचे, हात दिलेलं. त्या डोपचा उग्र वास ज्यांच्या नाकात बसलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. मी विमान चालवायला शिकलो तिथले मेकॅनिककाका रोज सकाळी पंखावर नखाने टिचकी मारायचे. तबल्यासारखा आवाज निघाला की मान डोलवायचे, बद्द वाजलं की कापड हाताने चाचपून बघायचे. मग प्रोपेलरपाशी उभं राहून ओरडायचे, "स्विच ऑफ?" मी आतून तेच ओरडून सांगायचं. प्रोपेलर दोनतीनदा हाताने फिरवून झाला की "कॉन्टॅक्ट!", म्हणजे स्विच ऑन, आणि एक झटका. इंजिन जागं व्हायचं ते काकांच्या हाताने.

त्याच विमानाचं पुढे काय झालं? हँगर दुसऱ्या कामाला हवा म्हणून ते बाहेर काढलं आणि अख्खा पावसाळा उघड्यावर ठेवलं. दोन वर्षांनी गेलो तेव्हा कापडाच्या चिंध्या लोंबत होत्या, सांगाड्याच्या सावलीत शेळ्या बसल्या होत्या. सुटे भाग मिळत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. अहो, ताडपत्री तर मिळत होती! आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना एक निरोप धाडला असता, तर वर्गणी काढून छप्पर घातलं असतं. हे आजही माझ्या मनातून जात नाही.

इथे पुष्पकमध्ये कोण कोण बसलंय? हात वर करा. चार! तुमचा चहा माझ्याकडून.

चिठ्ठी आलीय, पाचच मिनिटं उरलीत. तर, गवत. या विमानांचं तिसरं चाक शेपटीखाली असतं आणि वजनाचा मध्य पुढच्या दोन चाकांच्या मागे. उतरताना विमान जरा तिरकं झालं, की मागचं वजन पुढे यायला बघतं आणि विमान गर्रकन फिरतं. डांबर चाक घट्ट धरतं. गवत चाकाला थोडं सरकू देतं, चूक पोटात घालतं. टायगर मॉथ या जुन्या शिकाऊ विमानाला तर ब्रेकच नव्हते. शेपटीखालची पट्टी मातीत रुतायची, तोच ब्रेक. शिवाय मोकळ्या मैदानात वाऱ्याच्या तोंडावर कुठूनही उतरता येतं, धावपट्टीला दोनच दिशा.

पण निचरा हवाच. जेआरडी टाटा 15 ऑक्टोबर 1932 ला कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पावसाळा सरल्यावर. पावसाळ्यात जुहूला चिखल व्हायचा आणि टपालसेवा पुण्याला हलवावी लागायची. मैदान राखायचं तर चर खणा, गवत कापा, गुरांना कुंपण घाला. एवढंच काम आहे, आणि त्याला माणसं लागतात.

हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर विंचने, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने, दोर ओढला की बिनइंजिनाचं ग्लायडर कसं वर चढतं आणि उतरताना गवतावर कसा सर्रकन आवाज येतो, ते सांगायचं राहिलंच. बाहेर भेटा. त्या चौघांनी आधी या.