तपासणी अहवालातली कोणती ओळ वाचायची?

(दृश्य: रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर. मोठ्या फ्रिजचं दार उघडतं.)

फ्रिजवरचा आकडा दाखवतोय 4 अंश सेल्सिअस. अन्नसुरक्षा तपासायला आलेले निरीक्षक मात्र तेवढ्यावर थांबत नाहीत. आतल्या खोल पातेल्याचं झाकण काढून थर्मामीटरची सळई पार मधोमध खुपसतात. काल रात्री शिजवलेला रस्सा कडेला गार आहे, मध्ये अजून कोमट.

अहवालात याची नोंद एका ओळीत होते: 'अन्न थंड करण्याची पद्धत अयोग्य'. तिच्या आगेमागे 'फरशी फुटलेली', 'दिव्याला आवरण नाही' अशाही ओळी असतात. वाचताना सगळ्या सारख्याच वाटतात. पण माणसं आजारी पडतात ती या कोमट पातेल्यामुळे.

साधारण 5 ते 60 अंशांच्या दरम्यान जिवाणू झपाट्याने वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची टणक कवचातली सुप्त रूपं, उकळीतूनही तगतात आणि रस्सा हळूहळू निवू लागला की रुजतात. चाळिशीच्या थोड्या वरचं तापमान मिळालं, तर हा जिवाणू दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेच्या आदर्श फूड कोडमध्ये, म्हणजे अन्नसुरक्षेच्या नमुना नियमावलीत, घड्याळ लावून दिलंय: 57 अंशांवरून 21 वर 2 तासांत, आणि सुरुवातीपासून एकूण 6 तासांत 5 अंशांवर. त्यासाठी महागडं यंत्रच हवं असं नाही. रस्सा उथळ ट्रेमध्ये ओता, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा, ढवळत राहा.

'पुन्हा उकळलं की झालं' हा समज तर फार घातक. शिजवून बाहेर राहिलेल्या भातात बॅसिलस सीरियस हा जिवाणू जे विष तयार करतो, ते उकळीनेही नष्ट होत नाही.

(दृश्य: दारावर लावलेलं श्रेणीचं कार्ड.)

लॉस एंजेलिस काउंटीने 1998 मध्ये आणि न्यूयॉर्क शहराने 2010 मध्ये तपासणीवरून ठरणारी अशी अक्षरी श्रेणी (A, B, C) रेस्टॉरंटच्या दर्शनी भागात लावायला सुरुवात केली. फार चांगलं केलं. ग्राहकाला हे कळायलाच हवं. पण श्रेणी ही त्या एका दिवसाची असते. मागच्या तीन-चार तपासण्या शेजारी शेजारी ठेवून वाचा. एखादी गंभीर चूक एकदा सापडली, लगेच सुधारली आणि पुन्हा दिसली नाही, तर मी तिथे निर्धास्त जेवेन. हात धुण्याच्या बेसिनमध्ये भांडी रचलेली, साबण नाही, हा शेरा प्रत्येक वेळी येत असेल, तर श्रेणी चांगली असली तरी मी जाणार नाही. तिथे ती सवयच झालेली असते.

(दृश्य: तापमानाची नोंदवही.)

अनुभवी निरीक्षक ही वही नीट चाळतात. महिनाभर, रोज, तिन्ही वेळांना नेमके 4 अंश, एकाच पेनाने, एकाच वळणात? दार सतत उघडणाऱ्या फ्रिजचा आकडा इतका स्थिर राहत नाही. एखाद्या दिवशी 7 अंश लिहिलेले, शेजारी 'माल हलवला, दुरुस्तीवाल्याला बोलावलं' अशी घाईत केलेली नोंद, अशी वही जास्त खरी असते.